पिवळ्याला घाबरवू नको

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि घरातल्या इतरांचा लिहिण्याशी संबंध येतो तो सही करण्यापुरता. आई तीसुद्धा जीभ दातांत धरून, जपून करते. त्यात मी लिहायला बसलोय समुद्रातल्या माशाबद्दल, आणि समुद्र मी अजून पाहिलेला नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना माझं काही चुकलेलं दिसलं तर त्यांनी सांभाळून घ्यावं. पण त्या उन्हाळ्यात मी जेवढा घाबरलो तेवढा आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो, आणि मित्रांना सांगायला गेलो की ते हसतात. म्हणून लिहितो.

मी अमरावतीत बी.एस्सी. करतो, विषय प्राणिशास्त्र. कॉलेजच्या मागच्या गल्लीत काकांच्या घराची मागची खोली माझ्याकडे आहे. काका म्हणजे घरमालक, नात्यातले नव्हेत. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी कोकणात काढली आणि निवृत्त होऊन ते अमरावतीला परतले. काकू वारल्या. मुलगा बंगळुरूला असतो. लोकांच्या घरी समोरच्या खोलीत जिथे सोफा आणि टीव्ही असतो, तिथे काकांच्या घरी काचेची टाकी आहे. मला दोन्ही हात पसरूनही तिची टोकं धरता येत नाहीत. आत खरे प्रवाळ आहेत, निळ्या दिव्यात हळूहळू हलणारे. केशरी पट्ट्यांच्या माशांची एक जोडी आहे, दगडाखाली राहणारी एक कोळंबी आहे. आणि तेव्हा तो पिवळा होता.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं. चौकोनी मासा. अंगावर काळे ठिपके, तोंडाचा चंबू. साबणाची पिवळी वडी कुणीतरी पाण्यात सोडावी आणि तिला बारीक पंख फुटावेत, तसा. काचेजवळ येऊन तो माझ्याकडे बघत राहिला.

"याले बॉक्सफिश म्हणते," काका म्हणाले. "दुकानदारानं दुसऱ्या माशासोबत पाठवून देल्ला. मले सगळ्यायनं सांगतलं, ठेवू नका."

"काहून?"

"हा घाबरला ना, का याच्या अंगातून जहर सुटते. मंग टाकीतले सगळे जाते. हा बी जाते."

"चावतो का?"

"चावत नाई, डंख मारत नाई. नुसता घाबरते."

मी गावाकडचा. विंचू, साप, गांधीलमाशी ही सगळी मला माहीत आहेत. ती रागावली की आपल्याला इजा करतात, म्हणून आपण त्यांच्या वाटेला जात नाही. पण एखादा जीव भ्यायला म्हणून सगळ्यांना घेऊन मरतो, हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, मग परत का नाही पाठवला? काका टाकीकडे वळले. म्हणाले, "परत पाठवला असता तर वाटेतच भेऊन मेला असता. इथं आपण याले घाबरवत नाई, बस."

त्या घरात म्हणूनच कुणी दार आपटत नसे. खोलीतला दिवा एकदम लागत नसे, आधी ओसरीतला लावायचा, मग आतला. काका टाकीसमोरून जाताना पावलं घासत जायचे, म्हणजे कुणी येतंय हे त्याला आधी कळावं. मीही तसंच चालायला शिकलो.

एप्रिल संपता संपता काकांच्या छातीत दुखायला लागलं. नागपूरला नेऊन तपासलं तर हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. न्यायला त्यांचा मुलगा आला. मी त्याला दादा म्हणतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी काकांनी मला टाकीसमोर बसवून सगळं दाखवलं. दिवे कधी, खाणं किती, पंप बंद पडला तर काय. या उन्हात टाकीतलं पाणी रोज उडतं. पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं. म्हणून वरून भर घालायची ती फिल्टरच्या गोड्या पाण्याचीच, आणि तीही लोट्यालोट्यानं. कोपऱ्यात एक पांढरी बादली होती, तिच्यात समुद्राचं मीठ कालवलेलं पाणी तयार होतं आणि हवेची नळी सोडलेली होती.

"पिवळ्याचं काही बिघडून राह्यलं असं वाटलं, तर त्याले या बादलीत काढजो. मेला तर एकटा मरू दे. पण जाळी घालजो नको. जाळी दिसली का तो घाबरलाच समज."

"मग काढायचा कसा?"

काका हसले. "तोच तर घोळ हाये."

मग हसू मावळलं आणि म्हणाले, "टाकी सुरू ठेव बापू. नागपूरहून आलो का मले हे असंच्या असं दिसलं पाह्यजे. या घरात दुसरं काय हाये माह्यं?"

मी हो म्हणालो. 

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगणं अवघड आहे. काहीही झालं नाही, आणि मी सतत घाबरलेला होतो. वीज गेली की इन्व्हर्टरचा आवाज ऐकत उभा राहायचो. बाटल्यांत पाण्याचा बर्फ करून टाकीत अलगद तरंगत ठेवायचो, नाहीतर बाहेरच्या उन्हानं पाणी तापायचं. कॉलेजात बसलो की वाटायचं, आता मांजर खिडकीतून आत आलं असेल. आता शेजारच्यांनी मिक्सर लावला असेल. परीक्षेत प्रश्न वाचताना मधेच मला पाण्यावर उलटे तरंगणारे मासे दिसायचे. माझा स्वभाव मुळात भित्रा आहे. तोंडी परीक्षेत मास्तरांनी नाव विचारलं तरी मी अडखळतो. आणि मला सांभाळायला मिळाला होता एक भित्रा मासा.

याच काळात बाबा एकदा येऊन गेले. माझे बाबा अकोल्याच्या डाळमिलमध्ये पोती उचलतात. आमचं गाव अकोल्याकडे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, घागरीला आतून पांढरा थर धरतो. पाहुणा आला की आधी गोडं पाणी कुणाकडे आहे ते शोधावं लागतं. असे आम्ही. बाबांनी कोपऱ्यातलं पोतं पाहिलं.

"हे खत होय का रे?"

"मीठ हाये बाबा. समुद्राचं. पाण्यात कालवा लागते."

"इकत आणून?"

"हो."

बाबा खोकला लागेपर्यंत हसले. मी त्यांना हातानं खुणावत होतो, हळू, हळू. तोंडावर दुपट्टा धरून ते म्हणाले, "आपन जिंदगीभर या खाऱ्या पाण्याले शिव्या देल्ल्या. अन् इथं लोक मुद्दाम खारं करून राह्यले! तुह्या काकाले म्हन, आमच्या विहिरीवर राहाले या."

जाताना मात्र ते टाकीकडे कौतुकानं बघत होते. "मोठ्या भरवशानं देल्लं तुह्याजवळ," म्हणाले.

काकांचं ऑपरेशन ज्या दिवशी होतं, त्याच दिवशी माझी प्रॅक्टिकल होती. सकाळीच बाबा आले. मिल बंद होती म्हणून आले, म्हणाले. मी त्यांना चहा दिला, आराम करा म्हटलं आणि पळालो. त्यांच्यासोबत दोन मोठ्या कॅन होत्या. मी घाईत नुसत्या पाहिल्या होत्या. गोडं पाणी भरून न्यायला आणल्या असतील असं मला वाटलं. आमच्याकडचे लोक शहरात येताना तसं करतात.

दुपारी आलो तर बाबा टाकीसमोर पाटावर बसलेले. चेहऱ्यावर समाधान. दोन्ही कॅन रिकाम्या आणि टाकी काठोकाठ.

"पाणी खाली गेल्लं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. माझ्यासारखंच हळू बोलायला तेही शिकले होते. "म्हटलं, पोराले मीठ कालवत बसा लागते. आपल्या विहिरीचं आणलं. एसटीत कंडक्टर खेकसला माह्यावर, तरी आणलं."

मी काचेशी वाकलो. प्रवाळ मिटले होते. सगळेच, एकदम, मुठी वळल्यासारखे. केशरी जोडी वर, पंपाच्या धारेत तोंड काढून होती. पिवळा दगडामागे, कोपऱ्यात. त्याचा रंग जुन्या कागदासारखा झाला होता आणि कल्ले भराभरा हलत होते.

"कॅन कशाच्या होत्या बाबा?"

"तेलाच्या."

"फवारणीच्या औषधाच्या नाही ना?"

"मी येडा हाये का? तेलाच्या. सोड्यानं धुतल्या." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "काय झालं?"

काय झालं होतं ते मलाही नेमकं माहीत नव्हतं. आमच्या विहिरीतला खारटपणा समुद्राचा नाही, जमिनीचा आहे. त्यात आणखी काय काय उतरलेलं असतं देव जाणे. शिवाय ते पाणी एसटीत ऊन खात आलेलं, आणि एकदम ओतलेलं. फोन करून विचारावं तर कुणाला? काका त्या घटकेला ऑपरेशनच्या टेबलावर होते. कोळशाची एक पिशवी पाण्यातलं वाईट शोषून घेण्यासाठी काकांनी ठेवलेली होती, ती मी पंपाच्या तोंडाशी सोडली. आणि मग माझे हात थांबले. पिवळा तसाच राहिला आणि मेला तर टाकी गेली. काढायला गेलो आणि घाबरला तरी टाकी गेली.

एकच गोष्ट सुचली. रोज मी त्याला फ्रीजमधल्या कोळंबीचा तुकडा हातानं द्यायचो आणि तो समोरच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात यायचा. मी काकांचा मोठा पारदर्शक डबा घेतला, त्यात तुकडा ठेवला आणि त्या कोपऱ्यात इतका सावकाश उतरवला की माझा खांदा भरून आला. तो आपणहून आत आला तरच जमणार होतं. कुलर बंद केला, त्याचा आवाज फार. फोन आवाज बंद करून स्वयंपाकघरात पालथा ठेवला. आणि डबा धरून बसलो. बाबा शेजारी. खोली भट्टीसारखी तापत गेली.

"मी काय बिघडवलं रे?" बाबांनी कुजबुजत विचारलं.

"काही नाही."

"खरं सांग."

 त्यांनी दुपट्ट्यानं माझ्या कपाळावरचा घाम पुसला.

"काका तुले खोलीतून काढतीन का?"

"नाही बाबा."

"मंग तू एवढा कायले भेतं?"

 प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलानं असं म्हणू नये, पण मी मनातल्या मनात त्या माशाची आणि काकांची गाठ मारून टाकली होती. हा वाचला तर ते वाचतील.

पिवळा दगडामागून थोडा पुढे आला. थांबला. आणखी थोडा आला. तेव्हाच दुरून धम धम सुरू झालं.

लग्नसराई होती. वरात गल्लीच्या तोंडाशी आली होती, डीजे घेऊन. टाकीतल्या पाण्यावर बारीक थरथर उठली. पिवळा झटकन मागे गेला. माझे दोन्ही हात पाण्यात अडकलेले. मी बाबांकडे पाहिलं. ते उठले, पावलं घासत दारापर्यंत गेले आणि मग धावले.

खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"बंद करा बाप्पा! इथून पुढं जाईपर्यंत बंद करा!"

"काहून काकाजी? नवरदेव का रोज रोज येते?"

"घरात पेशंट हाये."

"अबे, आवाज कमी कर! पेशंट हाये म्हनते."

"कमी नाई, बंद करा. हात जोडतो."

"कोनाचं घर होय हे?" हा एका बाईचा आवाज होता. "मासेवाल्या काकायचं ना? अगं बाई, त्यायचंच हार्टचं हाये म्हने. बंद करा रे पोट्टेहो! तुमच्या नाचण्यापायी मानूस मरीन तठी घरात!"

"मावशी, पैसे देल्ले डीजेले..."

"मंग तुह्या घरी वाजवजो रातभर. इथं नाई."

धम धम थांबलं. मग ती वरात आमच्या घरासमोरून मुकाट्यानं गेली. असं काही मी कधी पाहिलं नव्हतं. पोरं पायातल्या चपला हळू टाकत होती. नवरदेव घोड्यावर अवघडून बसला होता, घोडेवाला घोड्याला "शू, शू" करत होता. ती बाई खिडकीशी थांबून मला म्हणाली, "आता कसं हाये रे?" मी डबा धरून बसलेला.  मान हलवली. तिनं आभाळाकडे हात जोडले आणि निघून गेली.

बाबा आत आले. घामानं निथळत होते. "खोटं बोललो," म्हणाले. मग स्वतःशीच, "तसं खोटं बी नाई."

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं. माझ्या हातांची जाणीव गेली होती. पिवळा पुन्हा आला. डब्याच्या तोंडाशी थांबून त्यानं तो तुकडा बराच वेळ पाहिला. खाल्ला नाही. पण आत आला. मी डबा हळूहळू सरळ केला, वर घेतला, आणि बाबांनी बादलीवरचं झाकण काढलं. डबा बादलीत बुडवून मी तिरका केला. पिवळा बाहेर आला आणि तळाशी जाऊन टेकला. टाकीतली केशरी जोडी अजून पोहत होती.

मग मला फोनची आठवण झाली. स्वयंपाकघरात जाऊन सुलटा केला तर दादाचे मिस्ड कॉल, एकाखाली एक. मी फोन ओट्यावर परत ठेवला.

"लाव," बाबा म्हणाले.

"नाही लावत."

"लाव रे. तू नाई लावला म्हणून जे झालं ते बदलते का?"

दादाचा आवाज बसलेला होता. ऑपरेशन झालं होतं. पण पप्पा शुद्धीवर येत नाहीत, आतापर्यंत यायला हवे होते, असं डॉक्टर म्हणतात. वाट बघा म्हणतात. "तिकडे टाकी ठीक आहे ना?" त्यानं विचारलं. "जाताना सारखं तेच बोलत होते." मी म्हटलं, ठीक आहे. माझ्या पायाशी बादलीत पिवळा एका कुशीवर कलला होता.

बाबा त्या रात्री गावी गेले नाहीत.

सकाळी बादलीच्या पाण्यावर साबणासारखा फेस होता आणि पिवळा मेलेला होता. पिवळा टाकीत असता तर काय झालं असतं ते मला त्या फेसात दिसत होतं. टाकीत सगळे जिवंत होते. कोळंबीसुद्धा दगडाखालून मिशा हलवत होती. पण मला त्याचा आनंद झाला नाही. मी बांधलेली गाठ मलाच आवळत होती. मी बाबांना अखेर ती सांगितली.

ते रागावले. "एवढा शिकून असं बोलतं? त्याचा याचा काय संबंध?" मग त्यांनी पिवळ्याला कागदात गुंडाळून मागच्या आवारात पुरलं, बादलीचं पाणी लांब नालीत ओतलं, हात तीन वेळा धुतले. आणि परत येऊन काकूंच्या फोटोसमोर टोपी काढून उभे राहिले. बराच वेळ. मी पाहतोय हे त्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "उगाच."

दिवस चढला. मी टाकीतलं थोडं थोडं पाणी काढत होतो, नवं कालवून घालत होतो. एका प्रवाळानं एक बोट उघडल्यासारखं वाटलं, मग परत मिटलं. फोन मी आता टाकीच्या शेजारीच ठेवला होता, पूर्ण आवाजात. घाबरणारं कुणी तिथे उरलं नव्हतं, माझ्याशिवाय.

तो वाजला तेव्हा माझ्या हातातला लोटा पडला. बाबांनीच फोन उचलला आणि माझ्या कानाला लावला.

"ऐक," दादा म्हणाला. तो रडत होता की हसत होता, मला समजेना. "पप्पांनी डोळे उघडले. नर्स इतक्यात पाणी देत नाहीयेत, ओला कापूस ओठांना लावतायत. पण त्यांनी मागितलं. स्वतःच्या तोंडानं पाणी मागितलं."